नागीण आणली कुणी?

१

मावशीचं सामान फाटकाबाहेर ठेवलं होतं. किटली, स्वेटर आणि घरून आणलेली दोन पातेली असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून वर गाठ मारलेली. गाठ मारणाऱ्याने हातमोजे घातले असावेत, कारण तेही तिथंच उलटे करून टाकले होते.

आरोग्य निरीक्षकबाईंनी ती पिशवी उचलली आणि सरळ आत घेऊन गेल्या. वीस वर्षं संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढल्यावर माणसाला पिशव्यांची भीती वाटत नाही.

कार्यशाळा लहानशीच होती. इथे कृत्रिम पाय बनत. एका खोलीत साचे, दुसरीत जोडणी, तिसरीत चामड्याच्या पट्ट्यांची शिलाई, आणि सगळ्यांच्या पुढे एक लांब पडवी. तिच्या टोकाला सात पायऱ्यांचा लाकडी जिना होता. तो कुठेच जात नव्हता. नवा पाय बसवलेल्या माणसानं त्यावर चढायचं आणि उतरायचं, एवढ्याचसाठी तो होता.

व्यवस्थापकांना सगळे साहेब म्हणत. वाळलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली.

"बाई, मला तिला काढायचं नाही हो," ते म्हणाले. "पण लोक घाबरलेत. अर्जावर तिघांच्या सह्या आहेत."

अर्ज बाईंच्या पिशवीत होताच. चहा करणारी मावशी सहा महिन्यांपूर्वी कामाला लागली. महिन्याभरात जोडाऱ्याच्या कमरेवर नागीण उठली. मग पट्टे शिवणाऱ्या ताईंच्या पाठीवर. मग साचे करणाऱ्या काकांच्या छातीवर. आणि शेवटी महिन्यापूर्वी खुद्द मावशीच्या अंगभर फोड आले. झालं! रोग तिच्याच अंगात होता, आणि कपबशांतून तो सगळ्यांना गेला, असं ठरून गेलं.

"तुम्ही फक्त या रकान्यात लिहायचं," साहेबांनी छापील कागदावर बोट ठेवलं. 'संसर्गाचा उगम' अशी तिथे ओळ होती आणि पुढे कोरी जागा. "म्हणजे आम्हालाही पुढचं करता येईल."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"साहेब, नागीण एकाची दुसऱ्याला लागत नाही."

"म्हणजे?"

"लहानपणी कांजिण्या होतात ना, त्याच विषाणूचं हे काम. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन झोपतो. तीस वर्षं, चाळीस वर्षं झोपतो. एखाद्या दिवशी जागा झाला की त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. ती नागीण. या तिघांची नागीण बाहेरून आलेलीच नाही, ती त्यांची स्वतःची होती."

"पण मावशीचे फोड?"

"मावशीला नागीण झाली नव्हती, कांजिण्या झाल्या होत्या. लहानपणी राहून गेलेल्या. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला नागिणीच्या फोडातल्या पाण्यापासून त्या होऊ शकतात." बाई उठल्या. "म्हणजे सगळं उलटं झालंय. मावशीनं तुम्हाला काही दिलेलं नाही. तुमच्यातल्या कुणीतरी तिला दिलंय."

साहेबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच परत ठेवला.

२

मावशी एका खोलीत एकटी राहत होती. दार उघडून ती चार पावलं मागे सरकली.

"लांबच बसा बाई."

"खपल्या पडून गेल्यात तुझ्या. आता तुझ्यापासून कुणाला काही होत नाही. बस इथे शेजारी."

मावशी बसली, पण अंग चोरून. पंचेचाळिशीची असेल. कपाळावर दोन खोल व्रण राहिले होते.

"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का गं तुला?"

"नाही. आमचं घर वस्तीपासून लांब. मी एकुलती एक. खेळायला शेळ्या आणि बोलायला आजोबा. लागणार कुणाकडून?"

"साचेकाकांना नागीण उठली तेव्हा तू त्यांचं काही केलंस?"

मावशीने जरा आढेवेढे घेतले. "त्यांच्या बनियनला पाणी लागलं होतं फोडांचं. माणूस वेदनेनं वाकला होता, तो कुठे साबण लावत बसणार! मी धुऊन टाकलं. फोडांवर ओलं फडकं पण ठेवलं. कुणाला सांगू नका, त्यांना लाज वाटेल."

"आणि तुला ताप कधी आला?"

"त्यानंतर सोळाव्या दिवशी."

बाईंनी मान हलवली. लागण झाल्यावर कांजिण्या उठायला दहा ते एकवीस दिवस लागतात, हा त्याच्या मधोमध. एवढ्यावर काम संपलं होतं. कागदावर लिहायचं, मावशीला कामावर घ्यायचं आणि घरी जायचं. पण बाईंचं मन काही मानेना. एखाद्याला नागीण उठली तर त्यात नवल नाही. पण सहा माणसांच्या जागेत पाच महिन्यांत तिघांना? तेही एक तिशीचा, एक चाळिशीची आणि एक पन्नाशीच्या अलीकडचा? म्हातारपणात विषाणूवरचा शरीराचा पहारा ढिला पडतो हे समजण्यासारखं आहे. या तिघांचा पहारा एकदम कशानं ढिला पडला?

"मावशी, तू सगळ्यांना रोज चहा देतेस. तुझ्याएवढं त्यांना कुणी पाहत नसेल. हे तिघं आजारी पडायच्या आधी काही वेगळं घडलं होतं का?"

"मला काय कळणार!" मावशी म्हणाली. मग थोडी थांबून, "एक सांगू? हसाल."

"नाही हसत."

"कामाच्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांच्या खोलीत दोन कप मागवले. एरवी ते एकटेच पितात. दार आतून लावलेलं. जोडारी बसला होता. मी कप ठेवून आले. नंतर गेले तर त्याचा कप तसाच भरलेला, वर साय धरलेली. मला वाटलं, माझा चहा बिघडला. नवीन नोकरी, जीव खालीवर झाला माझा. पुढे शिवणताईंना बोलावलं तेव्हा तेच. मग साचेकाकांना. तिन्ही वेळा दुसरा कप भरलेला परत आला." तिने पदराशी चाळा केला. "आणि तिन्ही वेळा बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा असा, की मला कपाबद्दल विचारायचं धाडस झालं नाही."

"आणि त्यानंतर किती दिवसांनी नागीण?"

मावशीने बोटं मोजली. जोडाऱ्याला महिन्याने. शिवणताईंना पाच आठवड्यांनी. साचेकाकांना जेमतेम तीन.

३

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिघांना वेगवेगळं भेटायचं ठरवलं. आधी रीतसर तपासणी केली. साखर तिघांची ठीक. पहारा ढिला करणारं कुठलंही औषध कुणी घेत नव्हतं.

जोडारी खाली मान घालून बोल्ट आवळत होता. एकदा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. मग त्यावर लाल रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे बोल्ट तसूभर फिरला तरी कळावं. रेघ सुकल्यावर त्याने तो बोल्ट परत सोडला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

"नेहमीच असं करतोस?"

"नीट असलेलं बरं."

"झोप लागते का रे?"

"लागते की." डोळ्यांखालची काळी वर्तुळं मात्र त्याची साक्ष द्यायला तयार नव्हती.

बाई स्टूल ओढून बसल्या. "मी शाळेत असताना परीक्षा आली की माझ्या ओठावर बारीक फोडांचा जर उठायचा. आई म्हणायची, अभ्यास केला नाहीस म्हणून देवानं खूण केली. मोठी झाल्यावर कळलं, तोही असाच झोपलेला विषाणू. परीक्षेची भीती त्याला उठवायची. तुझी कसली परीक्षा चाललीय?"

जोडाऱ्याच्या हातातला पाना थांबला. "बाई, मला नका विचारू. मी शब्द दिलाय."

शिवणताई बोलक्या होत्या. हवा, गुडघेदुखी, भावजयीचा स्वभाव, सगळं सांगून झालं. पण साहेबांच्या खोलीतल्या चहाचं नाव निघालं आणि त्यांची सुई बोटात गेली. "ते तेवढं सोडून बोला. शब्द दिलाय मी." त्या कमरपट्टा शिवत होत्या. जिथे दोन ओळी टाके पुरतात तिथे त्यांनी चार ओळी घातल्या होत्या. एवढ्या शिलाईने चामडं ताठ होऊन पट्टा उलट टोचेल, हे त्यांना कळत नसेल असं नव्हतं.

साचेकाकांनी तर बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मांडीचा साचा ओतत होते. मांडीचा उरलेला भाग ज्या वाटीत बसतो तिचा तो साचा. भिंतीशी प्रत्येक साच्याची जोडी उभी होती.

"दोन दोन कशाला?"

"एक चुकला तर." मग हलक्या आवाजात, "बाई, मावशी बरी आहे ना? अर्जावर सही करताना माझा हात... तिनं माझे कपडे धुतले होते."

"मग सही का केलीत?"

"सगळे म्हणाले तिच्यामुळे झालं. मलाही वाटलं, चला, निदान या एका गोष्टीत तरी माझा दोष नाही."

बाई पडवीत येऊन उभ्या राहिल्या. 'निदान या एका गोष्टीत.' म्हणजे दुसरी कुठली तरी गोष्ट होती. एकजण बोल्टची राखण करतोय, एक पट्ट्याची, एक वाटीची. माणूस जखमेवर हात ठेवतो तसा तिघांनी आपापल्या जागेवर हात ठेवलाय. पण बोल्ट, पट्टा आणि वाटी हे तीन वेगळे गुन्हे नव्हेत. ते एकाच पायाचे तीन भाग आहेत.

कुठल्या तरी एका पायाने दगा दिला होता. आणि तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्यामुळेच.

४

राहिले मास्तर. चालणं शिकवणारे म्हणून मास्तर. त्यांचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली कार्यशाळेतलाच होता आणि त्यावर त्यांचे विनोद कधी संपत नसत.

"माझी चौकशी शेवटी ठेवलीत बाई? एक पाय कमी म्हणून संशयही निम्मा का?"

सगळे कोमेजलेले असताना हा एकटा माणूस टवटवीत. कार्यशाळेत त्यावरूनही कुजबुज होती. बाईंनी विचारलं, "तुम्हाला कधी नागीण झाली?"

"माझ्या वाटेला जायची नागिणीची छाती नाही. पण बाई, हा ताणाचा आणि रोगाचा संबंध खरा असतो, की उगीच म्हणायची पद्धत?"

बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या. "तुमच्या मागे कुत्रं लागलं तर काय होतं?"

"कुत्र्याची निराशा होते. चावायला प्लास्टिक मिळतं."

बाईंना हसू आवरेना. "ऐका तर. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. धोका दिसला की त्या रक्तात रसायनं सोडतात. त्यातलं एक कॉर्टिसॉल. अंगात बळ येतं, आपण पळतो, कुत्रं मागे राहतं, रसायन ओसरतं. यात काही वाईट नाही. पण कुत्रं मनातच असेल तर? सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, महिनोन् महिने? मग कॉर्टिसॉल ओसरतच नाही. त्याचा एक हुकूम असा असतो, की आत्ता पळायचं बघा, बाकीची कामं नंतर. त्या बाकीच्या कामांत पहाराही येतो. रक्तातल्या काही पेशी त्या झोपलेल्या विषाणूवर सतत नजर ठेवून असतात. त्या थकतात, कमी पडतात. आणि तो उठतो."

"म्हणजे तिघांच्या मागे कुत्रं आहे."

"ताणामुळेच नागीण झाली असं एकेकाबद्दल मी छातीठोक सांगू शकत नाही. कधीकधी कारण सापडतच नाही. पण तिघांना, आणि तिन्ही वेळा त्या बंद दाराच्या चहानंतर? मी डोळे मिटून नाही घेऊ शकत. साहेबांनी तुम्हाला कधी बोलावलं असं?"

"मला? नाही बुवा."

"एकदाही नाही?"

"नाही. का?"

बाईंनी जिन्यावरून वरपर्यंत नजर फिरवली. मग विचारलं, "पाय तयार झाला की शेवटचा हात कुणाचा?"

"माझा. या जिन्यावरून सात वेळा चढवतो-उतरवतो. बूट बघतो. रोज घालणार तेच बूट आणलेत का, टाच केवढी, ते चाचणीच्या वहीत लिहितो आणि सही करतो. माझ्या सहीशिवाय पाय फाटकाबाहेर जात नाही."

"गेल्या वर्षभरात कधी रजेवर होतात?"

"आठ महिन्यांपूर्वी. माझ्याच गुडघ्याखाली जखम झाली होती, पाय घालता येईना. आठ दिवस घरी होतो."

"ती वही दाखवाल?"

मास्तरांनी कपाट उघडलं. वह्या महिन्यांप्रमाणे लावलेल्या होत्या. त्यांनी एकदा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून विनोद निघाला नाही.

"बाई, नेमकी त्याच महिन्याची नाही."

५

साहेबांच्या खोलीत बाईंनी दार आतून लावलं.

"साहेब, आज चहा नको. मी बोलते, चुकलं तर सांगा. आठ महिन्यांपूर्वी इथून एक पाय गेला. तो घालून कुणीतरी पडलं. तक्रार इथे आली, सहा महिन्यांपूर्वी. तुम्ही जोडाऱ्याला बोलावलंत, मग ताईंना, मग काकांना. प्रत्येकाला सांगितलंत की हे दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच."

"ही अटकळ झाली."

"अटकळच. पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. पाय घालून कुणी पडलं तर सगळ्यात आधी कुणाला विचारायचं? ज्याने चालवून पाहिलं आणि सही केली त्याला. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, फक्त मास्तरांना नाही. का? कारण मास्तर पहिल्या वाक्यात म्हणाले असते, मी तेव्हा रजेवर होतो. आणि पुढचा प्रश्न आला असता, मग सही कुणाची?"

मग साहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि भिंतीतलं कपाट उघडलं. आत पुठ्ठ्याचा लांबट खोका होता, त्यावर तीन पत्रं आणि ती वही.

"माझी," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. निघायच्या घाईत असताना अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर पाय न्यायला आली. लांबून आली होती, परतीची गाडी चुकून चालणार नव्हतं. साहेबांनी तिला पडवीत चार पावलं चालवलं. छान चालली. 'ठीक' लिहून त्यांनी सही केली आणि दवाखाना गाठला. त्यानंतर दोन महिन्यांनी शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात ती जिन्यावरून उतरताना पडली. मनगट मोडलं. ते जुळलं, पण पाय घालायला ती तयार होईना. आईने पाय परत पाठवला.

बाईंनी पहिलं पत्र वाचलं. त्यात भांडण नव्हतं. 'चूक कुणाची ते सांगू नका. ती पुन्हा पडणार नाही एवढं सांगा, म्हणजे मी तिला समजावीन.'

"मी सांगणारच होतो," साहेब म्हणाले. "जोडाऱ्याला बोलावलं ते खरंच विचारायला, की बाबा, बोल्ट नीट होता ना? आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, साहेब, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, माझ्याकडूनच राहिलं असेल. आणि बाई..." त्यांनी वही हातात घेतली. "मला हलकं वाटलं. त्या क्षणी मला हलकं वाटलं हो! मी त्याला दोष दिला नाही. फक्त नाही रे बाळा, तुझं काही चुकलं नाही, एवढं म्हटलं नाही. म्हटलं, कुणाला बोलू नकोस, मी सांभाळून घेतो."

"मग दुसरं पत्र आलं."

"पत्र आलं की मला कुणीतरी लागायचं. प्रत्येकाला काहीतरी आठवायचंच. कामात शंभर टक्के लक्ष होतं असा दिवस कुणाचा असतो?"

"आणि मावशी?"

साहेबांनी तोंड फिरवलं. "ती एकटीच होती जी दर वेळी कप घेऊन आत आली होती. मी तिघांनाही बोलावलं, हे फक्त तिलाच ठाऊक होतं."

बाईंना त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. हा माणूस सहा महिन्यांत निम्मा झाला होता. पण कीव करून भागण्यासारखं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर संन्यासी एक सोडून चार.

"खोका उघडून पाहिलात का कधी?"

"हिंमत झाली नाही."

"मग पाय का निकामी झाला ते अजून कुणालाच माहीत नाही," बाई म्हणाल्या. "उचला. सगळ्यांसमोर उघडू."

६

जोडणीच्या टेबलाभोवती सगळे उभे राहिले. मावशीलाही बाईंनी बोलावून घेतलं होतं. ती दाराशीच थांबली, तेव्हा साचेकाका जाऊन तिला हाताला धरून आत घेऊन आले.

साहेबांनी उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. संपल्यावर तिघंजण साहेबांकडे नाही, एकमेकांकडे पाहत राहिले.

"तुलाही?" शिवणताईंनी जोडाऱ्याला विचारलं.

"ताई, तुम्हालाही?"

"मला वाटलं माझा टाका सुटला," ताई म्हणाल्या. "रोज झोपताना ती पोरगी पडताना दिसायची. आमच्याच घरात मी चोरासारखी वागत होते."

"आधी पाय बघू," मास्तर म्हणाले आणि खोका उघडला.

पाय मांडीच्या वाटीपासून पावलापर्यंत पूर्ण होता. पावलात शाळेचा काळा बूट तसाच होता. साचेकाकांनी वाटी हाताने चाचपली. तडा नाही, कुठे फुगवटा नाही. शिवणताईंनी पट्टा ताणून पाहिला. एक टाका सुटला नव्हता. जोडाऱ्याने पाना लावला, पण तो फिरवायला धजेना, तेव्हा मावशीने पाय धरून ठेवला. बोल्ट घट्ट होता. पहिल्या दिवशी आवळला होता तेवढाच घट्ट.

"मग झालं काय?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी पाय टेबलावर उभा केला आणि वाटीवर हळूच भार दिला. गुडघा पटकन पुढे दुमडला. त्यांनी बूट काढला, सपाट बुटाच्या तळाऐवजी पावलाखाली पातळ वही सरकवली आणि पुन्हा भार दिला. गुडघा ताठ राहिला.

"साहेब, चाचणीला आली तेव्हा तिच्या पायात काय होतं?"

"पांढरे कापडी बूट. सपाट." साहेब थबकले. "तिची आई म्हणाली होती, शाळा सुरू होईल तेव्हा नवे बूट घेऊ. मी ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि..."

"या बुटाची टाच बोटभर उंच आहे. टाच उंच झाली की नडगी पुढे झुकते आणि गुडघा आपोआप मोडतो. सपाट जमिनीवर निभावतं. उतरताना नाही निभावत." मास्तरांनी बूट खाली ठेवला. "मी असतो तर आईला बजावलं असतं, की नवे बूट घेतले की आधी पाय घेऊन इकडे या, मग शाळेत जा. सगळं साधं होतं. यात ना बोल्ट आला, ना पट्टा, ना साचा."

जोडारी मटकन स्टुलावर बसला. हसू आणि रडू एकदम आलं त्याला, आणि दोन्हींतलं एकही आवरेना.

शिवणताई मात्र रडल्या नाहीत. त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या बायकोला दवाखान्यात मीच डबा दिला होता. तुम्ही म्हणाला असतात, ताई, माझ्याकडून घाईत चूक झाली, तर आम्ही सगळे तुमच्या पाठीशी उभे राहिलो असतो. तुम्ही आम्हाला ती संधीसुद्धा दिली नाहीत." मग त्या मावशीकडे वळल्या. "आणि आम्ही तरी काय केलं! आम्ही तुझ्यावर तेच ढकललं. माझी सही पहिली होती."

"मला वाटत होतं माझंच काही चुकलं असेल," मावशी पुटपुटली. ते ऐकून साचेकाकांनी डोळ्यांवर हात धरला.

बाईंनी त्याच टेबलावर कागद पसरला. 'संसर्गाचा उगम' या ओळीपुढे त्यांनी लिहिलं: 'कर्मचाऱ्यांच्या शरीरात पूर्वीपासून सुप्त असलेला विषाणू. दीर्घकाळच्या मानसिक ताणामुळे जागृत झाल्याची दाट शक्यता. चहा करणाऱ्या बाईंना संसर्ग कामाच्या ठिकाणी, आजारी सहकाऱ्याची सेवा करताना झाला. त्यांना आजारपणाची भरपगारी रजा देय आहे.' अर्ज फाडायचं काम त्यांनी तिघांवर सोपवलं.

साहेबांनी वरच्यांना स्वतःच सगळं लिहून कळवलं. त्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. नोकरी राहिली, कारण शिवणताईंसकट सगळ्यांनी ती राहावी असं लिहून दिलं. तिघं लगेच ठणठणीत झाले असं नाही. जोडाऱ्याची कंबर पुढे कित्येक दिवस ठणकत होती. पण तो झोपू लागला होता, आणि बोल्ट एकदाच आवळत होता.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. आज कुठला कागद भरायचा नव्हता. मुलगी येणार आहे असा मावशीचा निरोप होता.

मास्तरांनी घोट्याचा कोन बुटाप्रमाणे नव्याने बसवला होता. मुलीने पाय घातला, पडवीतून चालली, जिन्यापाशी आली आणि थांबली. आईने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. सगळ्यांनी आपापली कामं सोडली होती आणि कुणीच तिच्याकडे पाहत नसल्यासारखं दाखवत होतं.

"माझ्याकडून चूक झाली होती," साहेब तिला म्हणाले. "तू नीट चालत होतीस. मी नीट पाहिलं नाही. तू पडलीस त्यात तुझा काही दोष नव्हता आणि या पायाचाही नव्हता."

मुलीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मला वाटलं मी धांदरटपणा केला," ती म्हणाली.

ती कठडा धरून चढली. सातवी पायरी आली. आता वळून उतरायचं होतं. साहेब झटकन पुढे झाले आणि खालच्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

मुलगी एक पायरी उतरली. मग दुसरी. तिसरीवर ती थांबली आणि तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, जरा बाजूला व्हा ना," ती म्हणाली. "तुमच्यामुळे मला पुढची पायरी दिसत नाहीये."

साहेब बाजूला झाले.